वलगणीचे मासे

* वलगण : मृगाच्या पहिल्या दमदार पावसात भातसा, काळू, शाई या नद्यांतले गाभोळीने भरलेले मासे ओहोळांतून उलट्या धारेने भातखाचरांकडे चढतात, ती चढण. शहापूर-मुरबाडच्या ठाकूर-कातकरी पाड्यांवर तेव्हा ओहोळाला दगडमातीचा बांध घालून मधल्या फटीत बांबूच्या कामट्यांचा सापळा, म्हणजे कोयन, बसवतात. तिच्या तोंडातल्या कामट्या आत वळलेल्या असतात. शिरलेला मासा मागे फिरूच शकत नाही. मळ्या, खवल, शिंगटी हे मासे कोयनीत सापडतात. पाणी निवळल्यावर गळ निघतात : मरळीसाठी लहान बेडूक, वामीसाठी गांडूळ. उन्हाळ्यात आटलेले डोह उपसतात. चढणीच्या माशांची पिल्ले खाचरांच्या उथळ पाण्यात वाढतात, म्हणून बांध अर्धाच घालावा. निम्मे मासे तरी वर जाऊ द्यावेत.