जपानी गुरुजींचा टीकापाठ

तेराकोया या जुन्या जपानी शाळेत वीस मुलं असली, तर वीस निरनिराळे धडे चालत. प्रत्येकाचं पुस्तक वेगळं, गती वेगळी. गुरुजी एकेकाला जवळ बोलावून कित्ता तपासत. १८७२ साली मेजी सरकारने देशभर नवी शाळाव्यवस्था जाहीर केली आणि टोकियोत अध्यापक विद्यालय काढलं. तिथे मॅरियन स्कॉट हे अमेरिकन शिक्षक दुभाष्याच्या मदतीने शिकवू लागले: फळा, पाट्या, भिंतीवरचे तक्ते आणि अख्ख्या वर्गाला एकच धडा.

हुकूम निघाला खरा, पण वर्गभर मुलांना एकाच वेळी शिकवायचं कसं, हे हुकमात थोडंच लिहिलेलं असतं! ते पाहूनच शिकावं लागलं. विद्यालयाला जोडलेल्या शाळेत एकाने शिकवायचं, इतरांनी पाहायचं आणि नंतर चिरफाड करायची, अशी ‘टीकापाठा’ची रीत पडली. १८७५ साली अमेरिकेला गेलेले ताकामिने हिदेओ स्विस शिक्षणतज्ज्ञ पेस्टालोझींची वस्तुपाठाची, म्हणजे प्रत्यक्ष वस्तू दाखवून शिकवायची पद्धत घेऊन परतले. १८८३ मध्ये वाकाबायाशी आणि शिराई या शिक्षकांनी तिच्यावर पुस्तक लिहिलं, त्यात टीकापाठांनाही जागा होती. पुढे वस्तुपाठाचं वेड ओसरलं; टीकेची सवय टिकली.

आज तिला ‘जुग्यो केंक्यू’, म्हणजे पाठाचा अभ्यास, म्हणतात. आपल्याकडे पाठाचं टाचण बहुधा एकट्याने काढायचं आणि साहेबांना दाखवायचं. तिथे ते सगळे मिळून काढतात, आणि खल होतो तो अगदी बारीकसारीक गोष्टींवर. पहिलीच्या वजाबाकीला १३ – ९ द्यायचं की १२ – ३? पहिल्या उदाहरणात मूल दहातून नऊ काढून उरलेला एक तिनात मिळवेल. दुसऱ्यात आधी दोन काढेल, मग एक. आकडा बदलला की मुलाचा विचारच बदलतो. पाठाच्या वेळी बाकीचे शिक्षक कडेला उभे राहून मुलांच्या वह्यांत डोकावतात, मदत मात्र करत नाहीत. चर्चेत आधी बोलतो तो शिकवणारा. टाचण सगळ्यांचं असल्यामुळे चूकही त्याच्या एकट्याच्या माथी बसत नाही.

१९९९ मध्ये स्टिगलर आणि हीबर्ट यांच्या ‘द टीचिंग गॅप’ या पुस्तकाने ही रीत अमेरिकेत गाजवली. न्यू जर्सीतल्या पॅटरसनच्या एका सरकारी शाळेतले शिक्षक ती कनेक्टिकटमधल्या ग्रिनिचच्या जपानी शाळेतल्या शिक्षकांकडून शिकले. स्कॉट यांच्या देशातच आता जपानी गुरुजी मार्गदर्शक होते, आणि ते अमेरिकन शिक्षकांना पुन्हा पुन्हा एकच विचारत: या पाठातून तुम्हाला नेमकं काय तपासायचंय?