लोकनायक अणे : अधिकारपद आणि अंतःकरण

बुलढाणा, अकोला, अमरावती आणि यवतमाळ हे जुन्या वऱ्हाडचे चार जिल्हे. मुलूख निजामाचा, कारभार इंग्रजांचा, आणि १९०३ पासून तो जोडलेला मध्यप्रांताला! अशा प्रांतांतील सुशिक्षितांपुढें एक प्रश्न सदैव उभा असे: परक्या सरकारांत अधिकारपद घ्यावें कीं न घ्यावें? पुढें बिहारचे राज्यपाल झालेले माधव श्रीहरि उर्फ बापूजी अणे यांचें चरित्र म्हणजे या प्रश्नाचें एक वऱ्हाडी उत्तर होय.

अण्यांचा जन्म २९ ऑगस्ट १८८० रोजीं वणी येथें झाला. कांहीं काळ अमरावतीस शिक्षकाचें काम करून त्यांनीं यवतमाळास वकिली मांडली. लोकमान्य टिळक हे त्यांचे राजकीय गुरु. सरकार जेवढें देईल तेवढें घ्यावें व उरलेल्यासाठीं झगडावें, ही टिळकांची प्रतियोगी सहकारिता त्यांच्या अंगीं बाणली होती. म्हणून कायदेमंडळांवरील बहिष्कार त्यांना पटला नाहीं. पण १९३० च्या जुलैंत पुसदच्या राखीव जंगलांत कायदा मोडण्यास तेच पुढें झाले आणि तुरुंगांत गेले. १९३३ सालीं त्यांनीं काँग्रेसचें हंगामी अध्यक्षपद सांभाळलें, आणि पुढच्याच वर्षीं जातीय निवाड्याच्या वादांत पंडित मालवीयांबरोबर निराळा पक्ष काढला.

त्यांची खरी कसोटी लागली ती दिल्लीस. १९४१ सालीं ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळांत गेले. १९४२ च्या ऑगस्टांत गांधीजींना अटक झाली, तरी अणे मंडळांतच राहिले. त्याच महिन्यांत चांदा जिल्ह्यांतील चिमूर येथें उठाव झाला, आणि तो दडपतांना स्त्रियांवर अत्याचार झाल्याच्या तक्रारी आल्या. सेवाग्रामचे प्राध्यापक भन्साळी चौकशीची मागणी घेऊन अण्यांकडे आले. ती पुरी होईना, तेव्हां त्यांनीं अण्यांच्या दारींच उपोषण आरंभिलें. पोलिसांनीं त्यांना परत पाठविलें. पण उपोषण सेवाग्रामांत पुढें चालूं राहिलें व जानेवारी १९४३ मध्यें सुटलें.

तोंच १० फेब्रुवारीस गांधीजींनीं आगाखान महालांत २१ दिवसांचें उपोषण सुरू केलें. सरकार त्यांची सुटका करीत नाहीं असें दिसतांच अणे, होमी मोदी व नलिनीरंजन सरकार या तिघांनीं राजीनामे दिले. हें पाऊल उशिरां पडलें, असें कोणी म्हणेल, आणि तें खोटेंहि नाहीं. तथापि सत्तेचें आसन सोडण्याची वेळ आली असतां तें सोडणारे थोडेच असतात.

त्यानंतर त्यांनीं लंकेंत हिंदुस्थानचे प्रतिनिधि म्हणून काम केलें, आणि जानेवारी १९४८ पासून जून १९५२ पर्यंत बिहारचें राज्यपालपद भूषविलें. नवी राज्यघटना व पहिली सार्वत्रिक निवडणूक हीं दोन्ही त्यांच्याच कारकीर्दींत आलीं.

राजभवन सोडल्यावर मनुष्य सहसा विश्रांति घेतो. अण्यांनीं ती घेतली नाहीं. १९५६ सालीं बुलढाण्यासह विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यांत गेले. विदर्भ स्वतंत्र असावा, असें अण्यांचें मत होतें. त्यासाठीं १९५९ सालीं, वयाच्या ऐंशीव्या वर्षाच्या उंबरठ्यावर, ते नागपुरांतून लोकसभेवर निवडून आले, आणि १९६२ सालीं पुन्हां. त्यांचें मत सर्वांना मान्य झालें नाहीं, पण मतासाठीं मतदारांच्या दारीं जाण्यांत या माजी राज्यपालाला कमीपणा वाटला नाहीं.

२६ जानेवारी १९६८ रोजीं ते निवर्तले. आपल्या गुरूंवर त्यांनीं रचलेल्या ‘श्रीतिलकयशोऽर्णव’ या संस्कृत काव्यास १९७३ सालीं साहित्य अकादमीचा पुरस्कार लाभला. पदें आलीं व गेलीं. गुरुभक्ति मात्र अखेरपर्यंत टिकली.