केशभूषणांचें सोनें

मूद, राखडी, केवडा, नाग, गोंडे हीं नांवें महाराष्ट्रांतील वृद्ध स्त्रियांच्या तोंडीं अद्यापि ऐकूं येतात. मूद डोक्याच्या माथ्यावर, राखडी मागील बाजूस, केवडा खोप्यांत आणि गोंडे वेणीच्या टोंकास, अशी ही शोभा असे. परंतु तीनशें वर्षांपूर्वीची सोन्याची राखडी पाहूं म्हटलें, तर ती क्वचितच सांपडते. असें कां व्हावें?

चीन देशाकडे दृष्टि टाकली असतां कारण उमगतें. मिंग घराण्याचा वान्ली बादशहा १६२० सालीं वारला. पेकिंगजवळील त्याची कबर १९५६ ते १९५८ या काळांत उकरण्यांत आली. तींत बादशहासाठीं सोन्याच्या तारांनीं विणलेला मुकुट होता. दोन्ही सम्राज्ञींचे खंड्या पक्ष्याच्या निळ्या पिसांनीं मढविलेले मुकुट होते, आणि केसांत खोंवावयाच्या सोन्याच्या कांट्याहि होत्या. हे अलंकार मृतांबरोबर पुरले गेले, म्हणूनच ते टिकले.

आपल्याकडे देह अग्नीच्या स्वाधीन होतो आणि दागिना लेकीसुनांच्या. नवी सून नवी घडण मागते, आणि जुना दागिना मुशींत जातो. कोल्हापुरांत अंबाबाईच्या देवळाजवळील गुजरी ही सराफांची जुनी पेठ. सोनाराची रीत अशी, कीं सोनें वितळवून कांब ओतावी, ती जंत्रीच्या उत्तरोत्तर बारीक छिद्रांतून ओढून तार काढावी, ठशावर पत्रा ठोकून पाकळ्या उठवाव्या, आणि सवागी घालून डाकानें सांधे जुळवावे. सांधा दिसूं नये, हीच चिनी व मराठी कारागिराची सारखी कसोटी.

या कलेवर पुढें दुहेरी आघात झाला. १९६२ च्या चीन-युद्धानंतर, जानेवारी १९६३ मध्यें, १४ कॅरेटांहून अधिक कसाचे नवे दागिने घडविण्यास सरकारनें बंदी केली, आणि असंख्य सोनारांच्या चुली थंडावल्या. ती अट कांहीं वर्षांनीं उठली. पण १९६८ चा सुवर्ण नियंत्रण कायदा १९९० पर्यंत राहिला. दरम्यान खोपेहि गेले, आणि मुदी-राखड्यांच्या पाटल्या-बांगड्या झाल्या.

मोडीच्या वेळीं तराजूंत सोन्याचें वजन होतें, घडणावळीचें होत नाहीं. म्हणून ज्या घरीं आजीची राखडी उरली असेल, त्यांनीं ती मोडण्यापूर्वीं तिचें छायाचित्र, वजन व नांव तरी लिहून ठेवावें. सोनें मुशींतून पुन्हा सोनें होऊनच निघतें. हातांची कला मात्र तींतून परत येत नाहीं.