माळावरचा रानकांदा

फाल्गुन सरून चैत्र लागला म्हणजे पेणहून रोह्याकडे जातांना दोहों बाजूंचे माळ करपून गेलेले दिसतात. अशा वेळीं मुरमाड जमिनींतून हात-दीड हात उंचीचा एक उघडा दांडा वर येतो. त्याला ना पान, ना पालवी. त्यावर विरळ विरळ अशीं मळकट, हिरवट-पांढरीं फुलें लोंबतात. हाच आपला रानकांदा. वैद्य याला कोलकंद म्हणतात. पानें येतात तीं पुढें पावसाबरोबर. मागल्या पावसाळ्यांत पानांनीं मिळविलेलें अन्न कांद्याच्या पापुद्र्यांत सांठलेलें असतें. त्या शिदोरीवरच हा वसंतांतला फुलोरा निघतो.

याच्या शास्त्रीय नांवाचा इतिहास मात्र मोठा फिरता आहे. कलकत्त्याच्या कंपनीच्या बागेचे अधीक्षक विल्यम रॉक्सबर्ग यांनीं याला ‘सिला इंडिका’ म्हटलें. त्यांचा ग्रंथ त्यांच्या मृत्यूनंतर, १८३२ सालीं पुरा छापून निघाला. १८४३ मध्यें कुंठ नांवाच्या जर्मन पंडितानें याला ‘अर्जिनिया’ वंशांत बसविलें. पुण्याच्या सायन्स कॉलेजचे प्राचार्य राहिलेले थिओडोर कुक यांनीं मुंबई इलाख्याच्या वनस्पतींवर ग्रंथ लिहिला, त्यांतही तेंच नांव आहे. १९७७ मध्यें तें बदलून ‘ड्रिमिया इंडिका’ झालें. आमच्या खेडुतांस नांव बदलण्याची गरज एकदांही पडली नाहीं!

याची भावकी भूमध्यसमुद्राच्या कांठीं आहे. तिकडच्या कांद्याचे औषधी गुण पहिल्या शतकांत डायोस्कोरिडीस या ग्रीक वैद्यानें लिहून ठेविले. खोकला व अंगावरील सूज यांवर युरोपांतले डॉक्टर तो देत, आणि इंग्रजी अमदानींत त्याच्या जागीं आपला रानकांदा वापरला जाई. दोहोंचा अंमल थेट हृदयावर होतो. मात्रा किंचित् चुकली कीं तेंच औषध विष ठरतें.

मी मास्तर असतां एका मुलानें टेकडीवरून दोन कांदे घरीं नेले. त्याची आई एक चिरावयास बसली, तोंच हातांस विलक्षण खाज सुटली, म्हणून तिनें तो फेंकून दिला. दुसरा मुलानें सकाळीं शाळेंत आणला. मीं तो कापून वर्गाला दाखविला: रसांत सुईसारखे सूक्ष्म स्फटिक असतात, त्यांनीं कातडी चुणचुणते, आणि घरच्या कांद्याचा उग्र वास याला मुळींच नसतो. त्या माउलीला खाज सुटली नसती, तर त्या रात्रीं तो कांदा कालवणांत पडला असता.

ती टेकडी आतां खडीसाठीं अर्धी फोडली आहे. गेल्या चैत्रांत उरलेल्या उतारावर मला तीनच दांडे दिसले.