मंदगती इलेक्ट्रॉन व लक्सेंबर्ग परिणाम

विद्युत् क्षेत्राच्या प्रभावाने हवेतून सरकणारे मुक्त इलेक्ट्रॉन रेणूंवर सतत आदळत असतात. त्यामुळे त्यांना दोन प्रकारची गती असते : सर्व दिशांना होणारी जलद व अनियमित गती आणि क्षेत्राच्या अनुरोधाने होणारी संथ, वाहती गती. प्रयोगशाळेतील या गतींच्या अभ्यासातून पुढे उच्च वातावरणातील एका अनपेक्षित आविष्काराचा उलगडा झाला.

ऑक्सफर्ड येथे जे. एस. टाउनसेंड (१८६८–१९५७) व एच. टी. टिझर्ड यांनी १९१२-१३ च्या सुमारास त्यांचे मापन केले. फटीतून आलेला इलेक्ट्रॉनांचा झोत विरल वायूत किती पसरतो, यावरून अनियमित गतीची ऊर्जा आणि चुंबकीय क्षेत्राने तो किती ढळतो, यावरून वाहण्याचा वेग काढण्यात आला. इलेक्ट्रॉन रेणूपेक्षा हजारो पटींनी हलका असल्याने आघातात ऊर्जेचा अल्पांशच गमावतो. म्हणून दुर्बल क्षेत्रातही इलेक्ट्रॉनांची सरासरी ऊर्जा रेणूंच्या ऊर्जेपेक्षा बरीच वाढते. टाउनसेंड यांचे शिष्य व्ही. ए. बेली (१८९५–१९६४) यांनी १९२४ पासून हे संशोधन सिडनी विद्यापीठात पुढे नेले.

१९३३ मध्ये नेदर्लंड्समध्ये बी. डी. एच. टेलेगेन यांना स्वित्झर्लंडच्या बेरोम्युन्स्टर केंद्राचे प्रक्षेपण ऐकताना लक्सेंबर्ग केंद्राचा कार्यक्रमही ऐकू आला. या केंद्रांच्या कंप्रता अगदी भिन्न होत्या. आयनांबरात रेडिओ तरंग एकमेकांवर परिणाम न करता जातात, हे गृहीत त्यामुळे डळमळले.

बेली व डी. एफ. मार्टिन यांनी १९३४ मध्ये त्याचे स्पष्टीकरण दिले. बेरोम्युन्स्टरच्या तरंगांच्या मार्गाजवळच लक्सेंबर्गचा शक्तिमान प्रक्षेपक होता. त्याच्या तरंगांतील विद्युत् क्षेत्रामुळे आयनांबराच्या खालच्या भागातील इलेक्ट्रॉनांची ऊर्जा व आघातांची वारंवारता कार्यक्रमातील ध्वनीबरहुकूम कमीजास्त होई. आघातांबरोबर दुसऱ्या तरंगाचे शोषणही बदले. परिणामी लक्सेंबर्गचा ध्वनी त्यावर उमटे. हाच लक्सेंबर्ग परिणाम होय.

१९५५ मध्ये जे. ए. फेयर यांनी स्पंदरूप तरंगांच्या अशा परस्परक्रियेचा उपयोग खालच्या आयनांबराच्या मापनासाठी केला. पुढे नॉर्वेतील ट्रॉम्सो यांसारख्या ठिकाणी शक्तिमान तरंगांनी आयनांबर हेतुपुरस्सर तापवून प्रयोग होऊ लागले. श्रोत्यांना व्यत्यय वाटणारा आविष्कार अशा रीतीने संशोधनाचे साधन ठरला.