गावच्या वाचनालयाने व्हॉट्सअॅप, फेसबुक कसं वापरावं? ग्रंथपाल, संचालक आणि वाचकांसाठी कामाची माहिती

वडनेर भोलजी (ता. नांदुरा) : खेड्यातल्या वाचनालयात रोज दोनच प्रकारची माणसं जास्त दिसतात. सकाळी पेपर वाचायला येणारी म्हातारी मंडळी आणि दिवसभर भरतीचा अभ्यास करणारी पोरं. मधली सगळी पिढी, म्हणजे वावरात जाणारे, दुकान चालवणारे, घर सांभाळणाऱ्या बाया, यांच्या हातात मोबाईल आहे. पण गावच्या कपाटात कोणती पुस्तकं आहेत हे त्यांना माहीत नसतं. नवीन पुस्तकं येतात, त्यांच्यावर शिक्का बसतो, दाखल नोंदवहीत नंबर पडतो आणि कपाट बंद होतं. ही बातमी लोकांपर्यंत नेण्याचा सगळ्यात स्वस्त रस्ता आज मोबाईल आहे, म्हणून ही माहिती.

आधी पैशाचं गणित समजून घ्या. महाराष्ट्रात सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा 1967 साली झाला. त्याखाली मान्यता मिळालेली सुमारे 11 हजार ग्रंथालये राज्यात आहेत आणि त्यांचे अ, ब, क, ड असे वर्ग आहेत. खेड्यातली बरीचशी ड वर्गात. या वर्गाला कित्येक वर्षे वर्षाला 30 हजार रुपये अनुदान होतं. 2022 मध्ये 60 टक्के वाढ झाली. अनुदानाचा निम्मा भाग पगारावर जातो आणि निम्म्यात पुस्तकं, पेपर, लाईट बिल सगळं बसवायचं. म्हणजे त्या वाढीनंतरही पुस्तकं-पेपर-लाईटला महिन्याला 2 हजारांच्या आसपासच उरत होते. यात जाहिरात कुठून करणार? आणि वाचक नसले तर अनुदान कशासाठी, असा प्रश्न उद्या कोणी विचारला तर उत्तर काय देणार?

नंबर वाचनालयाचा हवा

सुरुवात सिमकार्डापासून करा. बहुतेक ठिकाणी ग्रंथपाल स्वतःच्या नंबरवरून ग्रुप काढतो. उद्या त्याने काम सोडलं की ग्रुप त्याच्यासोबत गेला. त्यामुळे वाचनालयाच्या नावाने वेगळा नंबर घ्यावा, रिचार्जचा खर्च संचालक मंडळाच्या बैठकीत मंजूर करून घ्यावा आणि ग्रुपला निदान दोन अॅडमिन ठेवावेत. त्या नंबरवर साधं व्हॉट्सअॅप न टाकता व्हॉट्सअॅप बिझनेस टाका. ते फुकट आहे. त्यात वाचनालयाची वेळ आणि पत्ता लिहिता येतो, वाचनालय बंद असताना कोणी विचारलं तर आपोआप उत्तर जातं, आणि कॅटलॉगमध्ये पुस्तकांचे फोटो लावता येतात. दुकानदार जिथं साड्या लावतो तिथं आपण पुस्तकं लावायची, एवढाच फरक.

ग्रुप, ब्रॉडकास्ट आणि चॅनल यात लोकांचा गोंधळ होतो. ग्रुपमध्ये 1024 माणसं बसतात, पण प्रत्येकाचा नंबर सगळ्यांना दिसतो. मुली आणि बाया ग्रुपमध्ये यायला कचरतात त्याचं हे एक कारण आहे. ब्रॉडकास्ट लिस्टमध्ये 256 नंबर बसतात, पण ज्यांनी वाचनालयाचा नंबर सेव्ह केलाय त्यांनाच मेसेज जातो. चॅनलमध्ये एका सभासदाचा नंबर दुसऱ्याला दिसत नाही. मात्र तिथं सभासदाला उलट मेसेज लिहिता येत नाही. माझ्या मते गावासाठी चॅनल किंवा ‘फक्त अॅडमिन मेसेज पाठवतील’ असं सेटिंग केलेला ग्रुप बरा. पुस्तक मागायचं असेल तर वाचनालयाच्या नंबरवर वेगळा मेसेज. खुला ग्रुप ठेवला की आठ दिवसांत सुप्रभात, वाढदिवस आणि राजकारण सुरू होतं, मग लोक ग्रुप म्यूट करतात.

टाकायचं काय?

इथंच बहुतेक वाचनालयं अडतात. जयंती-पुण्यतिथीला हार घातल्याचा फोटो, पदाधिकारी रांगेत उभे, खाली सगळ्यांची नावं. असे फोटो टाकायला हरकत नाही, पण तेवढ्याने कोणी पुस्तक न्यायला येत नाही. वाचकाला तीन गोष्टी लागतात: पुस्तकाचं मुखपृष्ठ, ते कशाबद्दल आहे हे दोन ओळीत, आणि ते आत्ता कपाटात आहे की कोणी नेलंय. उदाहरणार्थ असा मेसेज: ‘शेळीपालनाचं नवीन पुस्तक आलं. खाद्य, लसीकरण, गोठा याची माहिती. पानं 120. एकच प्रत. पाहिजे असेल तर उत्तर पाठवा, दोन दिवस राखून ठेवू.’ शेवटचं वाक्य सगळ्यात महत्त्वाचं, कारण वाचनालयाची वेळ आणि वावरातल्या माणसाची वेळ जुळत नाही. राखून ठेवलं तर तो संध्याकाळी येता-येता घेऊन जाईल.

भारतीय ग्रंथालयशास्त्राचे जनक डॉ. रंगनाथन यांनी 1931 मध्ये पाच सूत्रं मांडली. प्रत्येक वाचकाला त्याचं पुस्तक मिळावं, प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक मिळावा आणि वाचकाचा वेळ वाचावा, ही त्यातली तीन. मोबाईल तेव्हा नव्हता, पण या तिन्ही कामांना तो चालतो.

मेसेज रोज नको. आठवड्यात दोन पुरे, तेही रात्री आठच्या सुमारास, जेव्हा माणूस जेवून मोबाईल घेऊन बसतो. पेरणीच्या आणि सोयाबीन काढणीच्या दिवसांत एकच टाका. ज्यांना वाचायला जड जातं त्यांच्यासाठी एखाद-दोन मिनिटाचा आवाजी मेसेज करून पाहावा. आजीबाईंपर्यंत तोच पोचतो.

अभ्यासिकेतल्या पोरांसाठी भरतीच्या जाहिराती टाकल्या जातात. 2023 च्या तलाठी भरतीत 4644 जागा होत्या, त्या वेळी गावागावात पोरं अर्जासाठी धावत होती. अशा वेळी खोट्या जाहिरातीही तेवढ्याच फिरतात. वाचनालयाने एक नियम पाळावा: सरकारी संकेतस्थळावर जाहिरात स्वतः पाहिल्याशिवाय पुढे पाठवायची नाही, आणि लिंक त्या संकेतस्थळाचीच द्यायची. एवढं केलं तरी वाचनालयाच्या मेसेजला वजन येईल.

फेसबुकवर वैयक्तिक खातं न उघडता पेज काढा. खात्याला 5 हजार मित्रांची मर्यादा आहे, पेजला नाही. गुगल मॅपवर वाचनालयाची जागा आणि वेळ टाकणंही फुकट आहे. आपलं गाव महामार्गावरचं, आजूबाजूच्या खेड्यातली पोरं येतात, त्यांना वेळ आधी कळलेली बरी.

नाशिकच्या कुसुमाग्रज प्रतिष्ठानचा ‘ग्रंथ तुमच्या दारी’ उपक्रम पाहण्यासारखा आहे. विनायक रानडे यांनी 2009 मध्ये तो सुरू केला. शंभर पुस्तकांची पेटी, ती एका सोसायटीत किंवा ओळखीच्या गटात ठेवायची, काही महिन्यांनी दुसऱ्या गटाशी अदलाबदल. परदेशातल्या मराठी कुटुंबांपर्यंतही पेट्या गेल्या. आपल्याकडे एवढं मोठं नको. एका वस्तीसाठी वीस पुस्तकांची पिशवी आणि त्या वस्तीचा छोटा ग्रुप, एवढं एका ग्रंथपालाला जमतं.

पीडीएफच्या भानगडीत पडू नका

ग्रुपवर पुस्तकांच्या पीडीएफ फिरवणं हा मोठा धोका. 1957 च्या कॉपीराइट कायद्यानुसार लेखकाच्या निधनानंतर 60 वर्षे हक्क राहतात. साने गुरुजी 1950 मध्ये गेले, त्यामुळे त्यांचं लेखन 2011 पासून खुलं आहे. ‘श्यामची आई’ ग्रुपवर वाचून दाखवायला अडचण नाही. पण हयात लेखकाच्या कादंबरीची पीडीएफ टाकणं बेकायदेशीर आहे. पेपरच्या ई-आवृत्तीची पीडीएफ रोज सकाळी ग्रुपवर टाकणंही तसंच. 2020 च्या लॉकडाऊनमध्ये वृत्तपत्रांच्या संघटनेने याबद्दल इशारा दिला होता. फुकट आणि कायदेशीर काय पाहिजे असेल तर मराठी विश्वकोश ऑनलाईन आहे, राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची बरीच पुस्तकं त्यांच्या संकेतस्थळावरून उतरवता येतात. त्यांची लिंक द्या.

अॅडमिन व्हायला लोक घाबरतात, त्यांच्यासाठी एक माहिती. दुसऱ्या सभासदाने आक्षेपार्ह मजकूर टाकला म्हणून अॅडमिन आपोआप गुन्हेगार ठरत नाही, दोघांचा समान हेतू दिसला पाहिजे, असं मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने 2021 मध्ये सांगितलं. तरी असा मजकूर दिसला की लगेच काढून टाकावा, भांडत बसू नये.

फोटोबाबत काळजी घ्या. अभ्यासिकेत बसलेल्या मुलींचे फोटो विचारल्याशिवाय टाकू नका. कोणी कोणतं पुस्तक नेलं हेही ग्रुपवर लिहू नका. पुस्तक परत आलं नाही तर त्या माणसाला वेगळा मेसेज करा, चार लोकांत नाव घेतलं तर तो पुस्तकासकट वाचनालय सोडेल.

वाचकांनीही एक करावं. पाहिजे असलेल्या पुस्तकाचं नाव, लेखक आणि जमलं तर प्रकाशक लिहून वाचनालयाच्या नंबरवर पाठवा. ग्रंथपालाने अशा मागण्या तारखेसह एका वहीत उतरवून ठेवाव्यात आणि खरेदीची यादी करताना ती वही संचालक मंडळापुढे ठेवावी. खरेदी झाली की मागणी करणाऱ्याला पहिला मेसेज जावा.