तवसे
कोकण आणि गोव्यात घराच्या परसात घेतली जाणारी जाड, लांबट पावसाळी काकडी. शास्त्रीय नाव कुकुमिस सटायव्हस, कुल कुकर्बिटेसी. काकडी मूळची हिमालयाच्या पायथ्याची मानतात. तिची कडू रानटी भावंडे तिथे अजून उगवतात. तवसे कोवळे असताना फिकट हिरवे, पिकल्यावर पिवळे ते तांबूस होते. त्याचे ठरलेले असे एकच वाण नाही. घरोघरी राखलेल्या बियांतून ते चालत आले आहे, त्यामुळे गावागणिक रंग-आकार थोडा बदलतो.

पहिला पाऊस स्थिरावला की जूनमध्ये शेणखत घातलेल्या उंच आळ्यात दोन-तीन बिया बोटाच्या पेराइतक्या खोल टोचतात. पाणी तुंबले तर बी कुजते, म्हणून आळे उंच हवे. आठवड्याभरात कोंब वर येतो. लाल भुंगेरे कोवळी पाने कुरतडतात, त्यावर सकाळी दवात राख भुरभुरणे हा जुना आणि बऱ्यापैकी लागू पडणारा उपाय. वेल मांडवावर चढवतात. आधी नुसती नरफुले येतात आणि नवखा माळी घाबरतो. मागे बारीक काकडी असलेली मादीफुले थोड्या दिवसांनी येतात. फूल एकच दिवस टिकते. परागण मधमाश्या करतात, सततच्या पावसात त्या फिरकल्या नाहीत तर फळ वाकडे होते किंवा गळते. फळमाशीपासून वाचवायला कोवळ्या फळावर कागदी पिशवी बांधावी.

तवशाचे बी टिकले ते मुख्यतः स्वयंपाकघरामुळे. कोशिंबिरीला कोवळी काकडी लागते आणि तिच्यात बी तयार झालेले नसते. पण धोंडसाला, म्हणजेच सिंधुदुर्ग-गोव्याकडच्या तवसळीला, पूर्ण पिकलेले तवसे हवे. कीस तांदळाच्या रव्यात आणि गुळात जातो, आतला बियांचा गर बाजूला राहतो. पिकलेली फळे दोरीने बांधून आढ्याला टांगत, ती दिवाळीपर्यंत पुरत. गोव्यात तळावलीच्या सांत आनाच्या चर्चमध्ये जुलैअखेरचे फेस्त तवशांचे फेस्त म्हणूनच ओळखले जाते. मूल व्हावे म्हणून तिथे तवशी वाहतात.

शेजारी बाजारातल्या बियांची काकडी असेल तर वाण बिघडते, कारण काकडीच्या सगळ्या वाणांचा आपसांत सहज संकर होतो. पडवळ, दुधी, कारले यांच्याशी मात्र संकर होत नाही. संकराचा परिणाम त्याच फळात दिसत नाही, पुढच्या पिढीत दिसतो. हातातले तवसे कडू लागले तर दोष परागाचा नव्हे, वेलीच्या वाणाचा किंवा पाण्याच्या ताणाचा. कडवटपणा कुकर्बिटॅसिन या द्रव्याचा असतो आणि देठाकडे अधिक. शुद्ध बी हवे असल्यास उद्या उमलणाऱ्या नर व मादी कळ्या संध्याकाळी दोऱ्याने बांधाव्यात, सकाळी नराचे पराग मादीफुलाला लावून ते पुन्हा बांधावे आणि फळाच्या देठाला खुणेचा धागा ठेवावा. एकाच वेलीवर भिस्त न ठेवता चांगल्या पाच-सहा वेली निवडाव्यात. कडू फळाचे बी धरू नये.

फळ वेलीवरच तांबूस होऊ द्यावे. गर दोन दिवस भांड्यात आंबवला की बियांवरचे चिकट आवरण सुटते. तळाशी बसलेले बी धुऊन सावलीत वाळवावे, राखेत घोळून बरणीत भरावे. असे कोरडे बी चार-पाच वर्षे उगवते, पण कोकणच्या दमट हवेत दर पावसाळ्यात थोडे पेरून ताजे करून घेतलेले बरे.